माउंट बदलल्यानंतर इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आणणे : कपलिंगमधली फट नेमकी कोणाची?

सुकाणू (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझ्या साडेनऊ मीटर लांबीच्या शिडाच्या नौकेत दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन आहे. त्याचे चारही रबरी माउंट (इंजिन ज्यांवर बसते ते पाय) जुने झाले होते. डाव्या बाजूचा पुढचा माउंट इंधनाच्या फिल्टरखाली येत असल्यामुळे त्यावर वर्षानुवर्षे डिझेल ठिबकून रबर लिबलिबीत झाले होते आणि त्या कोपऱ्यात इंजिन नुसत्या डोळ्यांनी कळावे इतके खाली बसले होते. नौका पाण्याबाहेर टेकूंवर उभी असताना मी चारही माउंट बदलले, नव्या रबरावर इंजिन दोन दिवस तसेच बसू दिले आणि मग कपलिंगचे, म्हणजे गिअरबॉक्स आणि प्रोपेलरच्या पंख्याचा शाफ्ट यांना जोडणाऱ्या जोडणीचे बोल्ट काढून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तिच्या दोन्ही फ्लँजमधली, म्हणजे समोरासमोरच्या चकत्यांमधली फट मोजली. फ्लँजचा व्यास १०० मिलिमीटर आहे, शाफ्ट २५ मिलिमीटर जाडीचा आहे आणि कपलिंग साधे, म्हणजे मध्ये रबरी चकती नसलेले आहे. बरीच खटपट केल्यावर वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे मिळून फटीतला फरक ०.०५ मिलिमीटरवर आला, तेव्हा मी बोल्ट आवळले.

नौका पाण्यात उतरवल्यावर पहिले पाच-सहा तास इंजिन उत्तम चालले. त्यानंतर मिनिटाला १४०० ते १६०० फेऱ्यांच्या दरम्यान संपूर्ण नौका थरथरू लागली आणि तासाभराच्या प्रवासानंतर ग्लँड (शाफ्ट नौकेबाहेर पडतो तिथे पाणी अडवणारी जोडणी) हाताला चांगलीच गरम लागली. कपलिंग पुन्हा उघडले, तर वरच्या बाजूला दोन्ही फ्लँज एकमेकांना टेकलेले आणि खालच्या बाजूला ०.३० मिलिमीटरची फट. डावी-उजवी बाजू मात्र जवळजवळ बरोबर आहे, फरक ०.०४ मिलिमीटर.

माझ्या समजुतीप्रमाणे खाली फट असणे म्हणजे इंजिनाचे पुढचे टोक वर राहिलेले असणे. पुढच्या आणि मागच्या माउंटमध्ये ५०० मिलिमीटर अंतर आहे, त्यामुळे हिशेबाने पुढचे टोक दीड मिलिमीटर खाली घ्यावे लागेल. माउंटची उंची ठरवणाऱ्या नटाला पाना लावण्यापूर्वी आपल्यापैकी कोणी हे काम केले असल्यास मत हवे आहे.

ओहोटी

दिशा तुम्ही बरोबर ओळखली आहे. फट ज्या बाजूला दिसते त्या बाजूला इंजिनाचे पुढचे टोक न्यायचे, हा नियम उभ्या आणि आडव्या, दोन्ही मोजमापांना लागू पडतो. फट खाली असेल तर पुढचे टोक खाली, फट उजवीकडे असेल तर पुढचे टोक उजवीकडे. मर्यादेचा ढोबळ नियम असा की फ्लँजच्या व्यासाच्या हजाराव्या भागापेक्षा जास्त फरक राहू नये. तुमच्या १०० मिलिमीटरच्या फ्लँजला म्हणजे ०.१० मिलिमीटर. त्यामुळे ०.३० नक्कीच जास्त आहे, आणि तुमचा दीड मिलिमीटरचा हिशेबही चुकलेला नाही.

तरीही आज पाना लावू नका, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. फट दिसली म्हणजे ती इंजिनाचीच आहे, हे आपण फार लवकर गृहीत धरतो. ती शाफ्टच्या वाकडेपणाची असू शकते, फ्लँज शाफ्टवर काटकोनात न बसल्याची असू शकते किंवा फ्लँजच्या तोंडावर राहिलेल्या गंजाची आणि रंगाच्या पापुद्र्याचीही असू शकते. दोन्ही तोंडे आधी स्वच्छ पुसून घ्या, कडेला उठलेली बारीक कणी बारीक कानशीने उतरवा आणि शाफ्टच्या फ्लँजवर खडूने खूण करा. खूण वर असताना खालची फट मोजा, मग गिअरबॉक्सचा फ्लँज जागच्या जागी ठेवून शाफ्ट अर्धा फेरा फिरवा आणि पुन्हा खालचीच फट मोजा. फट खुणेबरोबर फिरून वर गेली तर दोष शाफ्टचा किंवा फ्लँजचा, आणि ती खालीच राहिली तर दोष दोघांच्या एका रेषेत नसण्याचा.

आणखी एक. किनाऱ्यावर टेकूंवर उभ्या असलेल्या नौकेचा तळ आणि पाण्यावर तरंगणाऱ्या नौकेचा तळ यांचा आकार अगदी सारखा नसतो. किनाऱ्यावर केलेली अलाइनमेंट ही नेहमी कच्ची समजावी. पक्के मोजमाप नौका पाण्यात एक-दोन दिवस राहिल्यावर, डोलकाठीच्या तारा नेहमीच्या ताणावर असताना आणि टाक्यांमध्ये नेहमीइतके इंधन-पाणी असतानाच घ्यावे.

सुकाणू

मनःपूर्वक आभार. आज सकाळी वारा पडलेला असताना मोजले. नौका आता नऊ दिवसांपासून पाण्यात आहे आणि डोलकाठी नेहमीच्या ताणावर आहे. खूण वर असताना खालची फट ०.३० आली, अर्धा फेरा फिरवल्यावर ०.२२ आली. गिअरबॉक्सचा फ्लँज फिरवून पाहिला, त्याने काही फरक पडला नाही.

ओहोटी

म्हणजे दोन्ही आकड्यांची सरासरी ०.२६ ही खरी, आणि तिच्याभोवती ०.०४ इतका दोष शाफ्टच्या फ्लँजचा. हा दोष सोसण्यासारखा आहे. तो नट फिरवून जाणार नाही, म्हणून तो हिशेबातून बाजूला ठेवा आणि यापुढे दर वेळी दोन्ही स्थितींची सरासरीच धरा.

उधाण

एक प्रश्न विचारतो, कारण उत्तरावर बरेच अवलंबून आहे. मोजताना शाफ्टला कशाचा आधार होता?

सुकाणू

किनाऱ्यावर ग्लँडची रबरी नळी सोडलेली होती, त्यामुळे शाफ्ट ज्या नळीतून नौकेबाहेर जातो तिच्या मधोमध तो राहावा म्हणून मी चारही बाजूंनी लाकडी पाचरी लावल्या होत्या. पाण्यात अर्थातच तसे करता येत नाही. आज शाफ्ट मोकळा होता.

उधाण

मग तुमच्या फटीचा मोठा हिस्सा तिथेच आहे, असे मला वाटते.

कपलिंग सुटल्यावर शाफ्टचे आतले टोक अधांतरी असते. ग्लँड रबरी नळीवर बसवलेली असते, आणि ती नळी शाफ्टचे वजन पेलत नाही. खरा आधार पार मागे, पंख्याजवळच्या रबरी बेअरिंगमध्ये असतो. त्यामुळे शाफ्ट स्वतःच्या आणि फ्लँजच्या वजनाने खाली झुकतो. पुढचे टोक झुकले की शाफ्टच्या फ्लँजची वरची कड पुढे येते आणि खालची मागे जाते, म्हणजे वर टेकते आणि खाली फट दिसते. इंजिनाचे पुढचे टोक उंच राहिले तरी अगदी हेच चित्र दिसते, आणि म्हणूनच या ठिकाणी चांगली चांगली माणसे फसतात. झुकलेल्या शाफ्टला जुळवण्यासाठी इंजिन हलवले, तर फीलर गेज समाधानी होतो, पण बोल्ट आवळून शाफ्ट फिरू लागला की तो सतत वाकवला जातो आणि त्याचा भार ग्लँडवर आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो.

उपाय साधा आहे. अधांतरी भागाच्या वजनाचा निम्मा भाग आणि फ्लँजचे पूर्ण वजन, एवढ्या जोराने शाफ्ट कपलिंगजवळ वर उचलून धरायचा. २५ मिलिमीटर जाडीच्या पोलादी शाफ्टचे वजन दर मीटरला सुमारे ३.९ किलो भरते. तुमच्या बेअरिंगपासून कपलिंगपर्यंतचे अंतर मोजा, फ्लँजचे वजन काढा, आणि एक स्प्रिंगचा ताणकाटा वर कुठेतरी आडव्या लाकडाला बांधून त्याच्या आकड्यात पट्टा अडकवून शाफ्ट तेवढ्या किलोंपर्यंत उचला. या स्थितीत दोन्ही फ्लँज हाताने एकत्र आणा. फ्लँजच्या मध्यभागचा उंचवटा समोरच्या खोबणीत जोर न लावता, नुसत्या बोटांच्या दाबाने शिरला पाहिजे. तो शिरत नसेल तर उंचीतला किंवा बाजूचा फरक आधी काढा, फटीचे मोजमाप त्यानंतर.

बेअरिंग झिजलेले असेल तर मात्र यातले काहीच खरे मानू नका. पंख्याजवळ शाफ्ट हाताने वर-खाली हलवून बघितला आणि दीड मिलिमीटरच्या आसपास खेळ आढळला, तर आधी बेअरिंग बदलावे लागेल.

नांगर

शाफ्ट मागे सरकवण्यापूर्वी त्यावर, ग्लँडच्या आतल्या बाजूला, एक होज क्लिप घट्ट आवळून ठेवा. कपलिंग सुटलेला शाफ्ट मागे घसरत गेला आणि नळीतून बाहेर पडला, तर नौकेच्या तळाला २५ मिलिमीटरचे भोक पडल्यासारखेच होते. मी हे शाफ्ट अर्धा बाहेर गेलेला असताना शिकलो आहे आणि ती रात्र पुन्हा कोणावर येऊ नये, असे मनापासून वाटते. ज्यांच्याकडे ग्लँडऐवजी बेलोज (रबरी भाता) असलेले कोरडे सील आहे, त्यांनी उलट शाफ्ट पुढे ओढला जाणार नाही हे पाहावे, कारण शाफ्टवरची पोलादी चकती पुढे आली की बेलोजवरचा दाब जातो, सीलची तोंडे उघडतात आणि पाणी धारेने आत येते.

सुकाणू

क्लिप लावली आहे. हा सल्ला वेळेवर मिळाला, कारण माझा शाफ्ट खरोखरच दोन बोटे मागे सरकलेला होता.

अधांतरी भाग १.२ मीटर भरला, म्हणजे वजन सुमारे ४.७ किलो आणि निम्मे २.३५ किलो. जुना सुटा फ्लँज घरी पडून होता, तो तोलला, तो २.१ किलोचा निघाला. बेरीज साधारण साडेचार किलो. ताणकाटा केबिनच्या दारात आडव्या ठेवलेल्या फळीला बांधला आणि काटा साडेचारवर येईपर्यंत दोरी ओढली. शाफ्ट हळूहळू वर येताना फ्लँजची खालची फट मिटत जाते, हे विजेरीच्या उजेडात बघताना मी थक्क झालो. दोन्ही स्थितींची सरासरी आता ०.१२ मिलिमीटर आहे. मात्र उंचवटा खोबणीत सहज जात नाही. गिअरबॉक्सचा फ्लँज शाफ्टच्या फ्लँजपेक्षा ०.३ मिलिमीटर खाली आहे. बेअरिंगमध्ये जाणवण्याइतका खेळ नाही.

आता मला नवाच प्रश्न पडला आहे. ०.१२ ही फट मर्यादेच्या जेमतेम बाहेर आहे. एवढ्याने सगळी नौका थरथरेल का?

क्षितिज

मध्ये रबरी चकतीचे लवचिक कपलिंग बसवले तर हा सगळाच प्रश्न मिटणार नाही का?

उधाण

नाही मिटणार. लवचिक कपलिंग थरथर आणि गिअर टाकतानाचा धक्का शोषून घेते. चुकलेली रेषा ते नुसती झाकते, आणि झाकताना स्वतः झिजत राहते. ते बसवायचे असले तरी आधी ते बाजूला ठेवून फ्लँजला फ्लँज लावून मोजमाप करावे लागते. ज्यांच्या नौकेत सेलड्राइव्ह (लांब शाफ्टऐवजी तळातून खाली जाणारा, पंखा असलेला पाय) आहे, त्यांचा तो पाय इंजिनाला थेट जोडलेला असल्याने त्यांना हे काम या स्वरूपात करावेच लागत नाही.

पाचर

धागाकर्त्यांच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देतो. माझ्या मते थरथरीचे कारण कपलिंगमध्ये नसून माउंटवरच्या भाराच्या वाटणीत असावे.

चार पायांचे टेबल खडबडीत फरशीवर ठेवले की ते तीन पायांवर उभे राहते आणि चौथा डुगडुगतो. इंजिनाचेही तसेच होते. फरक एवढाच की रबर दबत असल्यामुळे चौथा पाय डुगडुगताना दिसत नाही. बैठकीच्या दोन तुळया एका पातळीत नसतील, किंवा चारही नट सारख्या उंचीवर नसतील, तर तिरक्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर जास्त भार येतो आणि उरलेले दोन कोपरे हलके राहतात. कपलिंगचे मोजमाप अगदी बरोबर आले तरी हा दोष त्यात दिसत नाही. मग फेऱ्यांच्या एखाद्या ठरावीक टप्प्यात इंजिन त्या दोन भारी कोपऱ्यांवर झुलू लागते. जुने माउंट वर्षानुवर्षे दबून त्या बैठकीला सरावलेले असतात, म्हणून ही गोष्ट माउंट बदलल्यावरच वर येते.

प्रत्येक माउंटचे रबर किती दबले आहे ते मोजा. माउंट नवा, बिनवजनाचा असताना तळपट्टीपासून वरच्या टोपीपर्यंतची उंची किती होती ते तुमच्याकडे नोंदलेले असेल. नसेल तर इंजिनाचा तो कोपरा घट्ट लाकडावर जॅक लावून अलगद उचला आणि भार गेल्यावर मोजा. जॅक इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या टाकीच्या पत्र्याखाली कधीही लावू नका.

सुकाणू

बिनवजनाची उंची नोंदवून ठेवली होती. व्हर्नियरने मोजलेला दबाव असा : पुढचा डावा २.१, पुढचा उजवा ३.९, मागचा डावा ३.६, मागचा उजवा १.८ मिलिमीटर. चारही माउंट एकाच कडकपणाचे आहेत. हे आकडे कागदावर लिहिल्यावर मला पाहताक्षणी कळले की पुढचा उजवा आणि मागचा डावा हे दोघेच खरे काम करत आहेत.

पाचर

नेमके तेच. पुढच्या जोडीची सरासरी ३.०, मागच्या जोडीची २.७, प्रत्येक कोपरा आपल्या सरासरीपासून ०.९ मिलिमीटर दूर आहे, आणि तोही तिरक्या क्रमाने. अशा वेळी एकच नट वर घेऊन काम उरकण्याचा मोह होतो, पण तसे केले तर सगळे इंजिन कलते आणि कपलिंगची रेषा बिघडते. त्याऐवजी हलके असलेले दोन कोपरे, म्हणजे पुढचा डावा आणि मागचा उजवा, ०.९ मिलिमीटर वर घ्या आणि भारी असलेले दोन कोपरे तेवढेच खाली घ्या. चारही माउंट सारखे असल्यामुळे इंजिन जागचे हलणार नाही, फक्त भार सारखा वाटला जाईल. तुमच्या माउंटच्या स्टडच्या (नट ज्यावर फिरतो त्या उभ्या दांड्याच्या) आट्यांचे अंतर किती आहे?

सुकाणू

दीड मिलिमीटर.

पाचर

मग नटाचा एक पूर्ण फेरा म्हणजे दीड मिलिमीटर, आणि षटकोनी नटाचा एक पैलू म्हणजे पाव मिलिमीटर. प्रत्येक नट साडेतीन पैलू फिरवा. वरचे लॉकनट आधी सैल करा, प्रत्येक नटावर आणि ब्रॅकेटवर (इंजिनाच्या, स्टडवर बसणाऱ्या कंसावर) पांढऱ्या रंगाचा एक ठिपका द्या आणि चारही कोपरे एकेक पैलू करत, आळीपाळीने फिरवा. अंदाजाने फिरवू नका. ठिपका किती पैलू सरकला ते मोजत जा.

ओहोटी

भाराची वाटणी झाल्यावर माझा हिशेब पुढे जोडा. फट ०.१२, फ्लँजचा व्यास १००, माउंटमधले अंतर ५००. म्हणजे पुढचे टोक ०.६ मिलिमीटर खाली हवे, अर्थात पुढचे दोन्ही नट सुमारे अडीच पैलू खाली. आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. इंजिन मागच्या माउंटभोवती कलते, आणि फ्लँज मागच्या माउंटच्याही मागे असतो. पुढचे टोक खाली गेले की फ्लँज वर येतो. तुमचा फ्लँज मागच्या माउंटपासून किती मागे आहे?

सुकाणू

२०० मिलिमीटर.

ओहोटी

म्हणजे ०.६ चे दोन पंचमांश, ०.२४ मिलिमीटर तो वर येईल. तुमचा फ्लँज शाफ्टपेक्षा ०.३ खाली आहेच, त्यामुळे कोन आणि उंची दोन्ही एकाच फिरवण्यात जवळजवळ जुळतील. हा योग नेहमी येत नाही. एरवी कोन आधी दुरुस्त करावा आणि उरलेली उंची चारही नट सारखे फिरवून काढावी. विचार करा, पहिल्या दिवशी तुम्ही दीड मिलिमीटर खाली घेतले असते, तर फ्लँज ०.६ वर गेला असता आणि मग तुम्ही तो खाली आणण्यासाठी चारही नट उतरवत बसला असता.

नांगर

नट कितीही वर-खाली करा, पण ब्रॅकेट स्टडच्या मुळाशी जितके जवळ बसेल तितके चांगले. उंची कमी पडत असेल तर स्टडवर नट वर चढवत नेण्यापेक्षा माउंटच्या तळाखाली धातूची किंवा फायबरग्लासची पट्टी घाला. पंख्याचा सगळा रेटा शाफ्टमधून गिअरबॉक्समध्ये आणि तिथून या चार स्टडवर येतो. उंच उघडा राहिलेला स्टड त्या रेट्याने डुलत राहतो आणि एक दिवस आट्यांपाशी तुटतो. तळाचे स्क्रू लाकडी तुळईत नुसते गरगर फिरत असतील, तर ती तुळई आधी दुरुस्त करा.

सुकाणू

काम काल पूर्ण झाले. आधी तिरक्या जोड्या साडेतीन पैलूंनी फिरवल्या. दबाव पुन्हा मोजला, तर पुढचे २.९ आणि ३.१, मागचे २.८ आणि २.६. कपलिंगची फट या सगळ्यात ०.१२ वरून ०.११ झाली, म्हणजे इंजिन जागचे हलले नाही. मग पुढचे दोन्ही नट अडीच पैलू खाली घेतले आणि ताणकाट्यावर शाफ्ट साडेचार किलोंना धरून फ्लँज एकत्र आणले. उंचवटा खोबणीत गेला तेव्हा जो बारीकसा ‘टक्’ आवाज आला, तो ऐकण्यासाठी मी दहा दिवस थांबलो होतो. वर-खाली सरासरी फरक ०.०३, डावा-उजवा ०.०४. शाफ्ट कोणत्याही स्थितीत फिरवला तरी फट ०.०७ च्या वर जात नाही.

बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने आवळले, लॉकनट घट्ट केले आणि त्यानंतर पुन्हा एकदा मोजले, कारण लॉकनट आवळताना पुढचा उजवा ब्रॅकेट किंचित बाजूला सरकल्याचे पहिल्या खेपेला लक्षात आले होते. एक्झॉस्टची नळी इंजिन खाली गेल्यामुळे ताणली गेली होती, ती सोडवून सैल बसवली. गिअर न टाकता शाफ्ट आता हाताने, एकाच बोटाच्या जोराने फिरतो.

काल संध्याकाळी दोन तास इंजिन चालवले. १५०० फेऱ्यांवर चहाच्या कपातले पाणी पूर्वी उसळून बाहेर यायचे, आता त्यावर फक्त बारीक वलये उठतात. ग्लँड कोमट आहे आणि दर काही सेकंदांना एक थेंब पडतो.

उधाण

फार आनंद झाला. नवे रबर अजून थोडे बसेल, म्हणून वीसेक तास इंजिन चालल्यावर कपलिंग पुन्हा उघडा, आणि उघडताना ताणकाटा विसरू नका.

सुकाणू

बावीस तासांनंतर आज उघडले. शाफ्ट साडेचार किलोंवर धरून वर-खाली सरासरी फरक ०.०५, डावा-उजवा ०.०४. दबाव प्रत्येक माउंटचा साधारण ०.१ ने वाढला आहे, पण चारही सारखेच वाढले आहेत. नटांना हात लावला नाही. बोल्ट पुन्हा आवळले आणि आजचे आकडे तारखेसह इंजिनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवले.